सिलिकॉनच्या मोल्डमध्ये काय बेक करायचं, काय नाही आणि कसं : नवशिक्यांसाठी

बेकिंग नव्याने सुरू केलं की सगळ्यात आधी नजर जाते ती सिलिकॉनच्या रंगीबेरंगी मोल्डवर. मऊ, हलके, दाबून कुठल्याही ड्रॉवरमध्ये बसणारे, आणि पाकिटावर लिहिलेलं की काही चिकटत नाही, तूप-तेल लावायची गरज नाही, ओव्हनला चालतं, मायक्रोवेव्हला चालतं, फ्रीजरला चालतं. यातलं बरंचसं खरंय. पण मग पहिला केक बाहेर येतो तो खालून पांढरट, कडेने ओलसर, मधे शिजलाय की नाही तेही कळत नाही, आणि माणूस म्हणतो सिलिकॉन बेकार. बेकार नाही हो, त्याला भलत्या कामाला जुंपलं एवढंच. त्यामुळे काय घ्यायचं यापेक्षा कशासाठी घ्यायचं हे आधी बघू, मग वापर, धुणं वगैरे ओघाने येईलच.

आधी हे समजून घ्या

सिलिकॉनमधून उष्णता फार सावकाश जाते. ॲल्युमिनियममधून जेवढी सहज जाते त्याच्या तुलनेत साधारण हजारपट कमी म्हटलं तरी चालेल. मोल्डची भिंत पातळ असते म्हणून प्रत्यक्षात केकला हजारपट वेळ वगैरे लागत नाही, पण फरक पडतोच. धातूच्या टिनमध्ये कडा पटकन तापतात, तिथलं बॅटर आधी सेट होतं, मधलं नंतर फुगतं आणि वर डोंगर होऊन कधी कधी चीर पडते. सिलिकॉनमध्ये कडांना घाई नसते, सगळं जवळपास सोबत चढतं, त्यामुळे केक वरून बऱ्यापैकी सपाट येतो, आतून मऊ राहतो, कडा कोरड्या पडत नाहीत.

पण तोच गुण दुसऱ्या ठिकाणी नडतो. पदार्थाला खरपूस तपकिरी रंग यायला त्याचा पृष्ठभाग आधी कोरडा व्हावा लागतो आणि मग साधारण १४० डिग्रीच्या वर जावा लागतो, आणि सिलिकॉनला टेकलेली बाजू तिथवर पोचायला इतका वेळ घेते की तोवर आतलं शिजून झालेलं असतं. म्हणून वर छान रंग आणि खाली-बाजूला फिकट, असा प्रकार होतो. ही तुमच्या रेसिपीची चूक नाही आणि ओव्हनचीही नाही.

तेव्हा फायदे-तोट्यांची मोठी यादी पाठ करायची गरज नाही. एकच विचारायचं, या पदार्थाला मला कवच हवंय की मऊपणा? आणि दुसरं, तो मोल्डमधून काढायला किचकट आहे का? मऊ हवा, काढायला किचकट, तर सिलिकॉन. कवच हवं तर धातू.

पायरी १ : काय करणार आहात ते ठरवा

मफिन्स, कपकेक, छोटे छोटे केक याला सिलिकॉन मस्त. आकार लहान असल्यामुळे उष्णता आत पोचायला अडचण नाही, कागदी कप लागत नाहीत, खालून हलकं ढकललं की बाहेर. एग बाइट्ससारखे अंड्याचे छोटे प्रकार तर मी म्हणेन सिलिकॉनमध्येच करावेत, धातूच्या मफिन ट्रेला अंडं जे चिकटतं ते घासताना नको होतं.

फ्रीजरमधल्या गोष्टींना तर याला तोड नाही. जेली, मूस, आइस्क्रीमचे आकार, सूप किंवा सॉसचे गोठवलेले तुकडे, सगळं पिरगळून बाहेर काढता येतं. खूप जणांकडे हे मोल्ड शेवटी बेकिंगपेक्षा गोठवायलाच जास्त वापरले जातात आणि त्यात काही वाईट नाही. चॉकलेटही चालतं, फक्त दुकानातल्या चॉकलेटसारखी आरशासारखी चमक हवी असेल तर त्यासाठी पॉलिकार्बोनेटचे कडक मोल्ड असतात, सिलिकॉनमध्ये ती चमक जरा मंद येते.

ब्राउनी मधली केस. ज्यांना चिकट, फजी आवडते त्यांना आवडेल, ज्यांना कडेचा कुरकुरीत तुकडा हवा असतो त्यांनी धातूचं चौकोनी टिनच घ्यावं.

ब्रेडला मी सिलिकॉन घेणार नाही. वरून रंग येतो, बाजू पांढऱ्या राहतात आणि लांब लोफचा मोल्ड कणकेच्या वजनाने मधे फुगतो त्यामुळे लोफ पोटुशी दिसतो. टार्ट, पाय, ज्यांचा तळ कुरकुरीत पाहिजे ते पण नको.

आणि एक गोष्ट नवीन लोकांना कोणी सांगत नाही, शिफॉन आणि एंजल फूड केक, म्हणजे अंड्याच्या फेसावर फुगणारे हलके केक, सिलिकॉनमध्ये अजिबात करू नका. या केकना वर चढायला टिनच्या कोरड्या भिंतीचा आधार लागतो, भिंतीला धरून धरून ते फुगतात आणि नंतर उलटं टांगून गार करतात. जिथे काही चिकटतच नाही तिथे ते धरणार कशाला, बसतात खाली, उलटं केलं तर सरळ बाहेरच पडतात.

नक्षीदार बंट केकचं (मधे भोक असलेला गोल केक) थोडं अवघड उत्तर आहे. काढायला सोपा, हो, पण पातळ मोल्ड असेल तर बॅटरच्या वजनाने आकार वाकडा होतो आणि नक्षीच्या कडांना रंग येत नाही त्यामुळे ती उठून दिसत नाही. जाड भिंतीचा मोल्ड असेल तर घ्या, नाहीतर जाड धातूचा.

पायरी २ : विकत घेताना

पहिल्यांदाच दहा-बारा पीसचा सेट घेऊ नका. एक सहा किंवा बारा खणांचा मफिन मोल्ड घ्या, तो वापरून बघा, आवडला तर पुढचं. सेटमधले निम्मे आकार तसेच पडून राहतात.

पाकिटावर तापमानाची मर्यादा लिहिलेली आहे का बघा. साधारण उणे ४० पासून २२० किंवा २३० डिग्री सेल्सिअसपर्यंत लिहिलेलं असतं, काहींवर जास्त. मर्यादाच लिहिली नसेल तर तो मोल्ड परत ठेवा, बाकी काहीही लिहिलेलं असलं तरी. नुसतं 'फूड ग्रेड' कोणीही छापतं. एलएफजीबी लिहिलं असेल तर ते जर्मनीच्या अन्नकायद्याचं नाव आहे, एफडीए म्हणजे अमेरिकेची अन्न-औषधांवर नियंत्रण ठेवणारी सरकारी संस्था. जर्मनीच्या बीएफआर या अन्नसुरक्षा बघणाऱ्या संस्थेची सिलिकॉनसाठीची शिफारस अशी आहे की वस्तू २०० डिग्रीला ४ तास तापवली तर तिच्यातून उडून जाणारे घटक ०.५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावेत. बेकिंगसाठी हीच गोष्ट कामाची आहे, म्हणून दोन्हीतून निवडायची वेळ आली तर मी एलएफजीबीवाला घेईन.

'प्लॅटिनम' असं लिहिलेलंही दिसेल. मोल्ड बनवताना कच्चं सिलिकॉन घट्ट करायला एकतर प्लॅटिनमचा कॅटॅलिस्ट (रासायनिक क्रियेला वेग देणारा पदार्थ) वापरतात नाहीतर पेरॉक्साइड नावाची रसायनं. पेरॉक्साइडवाल्यात नको असलेले उपपदार्थ मागे राहतात, ते घालवायला कारखान्यात नंतर पुन्हा बराच वेळ तापवावं लागतं, आणि स्वस्त मालात नेमकी तीच पायरी आखडती घेतली जाऊ शकते. प्लॅटिनमवाला महाग असतो पण वास कमी, टिकतोही बरा.

आता ती प्रसिद्ध चिमटा टेस्ट, म्हणजे मोल्ड पिळायचा आणि पांढरी रेघ दिसली तर त्यात स्वस्त पूड भरून भेसळ केलीय असं मानायचं. मी हिच्यावर फार विसंबणार नाही. एकतर चांगल्या सिलिकॉन रबरमध्ये सुद्धा ताकदीसाठी सिलिका नावाची बारीक पूड घातलेलीच असते, दुसरं म्हणजे पांढऱ्या किंवा फिकट रंगाच्या मोल्डमध्ये पांढरी रेघ दिसणार कुठून. ठळक पांढरं झालं तर शंका घ्या, नाही झालं म्हणून खात्री समजू नका. त्यापेक्षा नाक वापरा. नवीन मोल्डला हलका वास असतो, पण रबरासारखा, केमिकलसारखा डोक्यात जाणारा वास असेल तर नको.

भिंत जाड आहे का, कडेला तार किंवा धातूची रिंग आहे का तेही बघा. रिंगवाला मोल्ड उचलायला फार बरा, हेलकावत नाही, फक्त तो मायक्रोवेव्हमध्ये घालायचा नाही. रंग जमलं तर गडद घ्या, गडद रंग ओव्हनची उष्णता थोडी जास्त शोषतो. आणि जायच्या आधी घरी ओव्हन आतून मोजा. मोठा मोल्ड आणला आणि ओव्हन छोटा, मग मोल्डची कड तापलेल्या रॉडला जवळजवळ टेकते, तसं चालत नाही.

पायरी ३ : पहिल्या वापराआधी

गरम पाण्यात भांड्याचं लिक्विड घालून धुवा, नीट वाळवा, मग रिकामा मोल्ड ट्रेवर ठेवून ओव्हनमध्ये २०० डिग्रीला तासभर तापवा, अर्थात पाकिटावरची मर्यादा त्याच्या वर असेल तरच. खिडकी उघडी ठेवा, एक्झॉस्ट असेल तर लावा, घरात पिंजऱ्यातले पक्षी असतील तर त्यांना दुसऱ्या खोलीत न्या, त्यांची फुप्फुसं फार नाजूक असतात. गार झाला की पुन्हा एकदा धुवा. लोक ही पायरी वगळतात आणि मग पहिल्या केकला वास येतो म्हणून तक्रार करतात.

पायरी ४ : बेक करताना

मोल्ड आधी ट्रेवर ठेवा आणि मग बॅटर ओता. हा क्रम उलटा केला तर भरलेला मोल्ड उचलताना मधे वाकतो आणि अर्धं बॅटर ओट्यावर. ट्रे शक्यतो भोकांचा घ्या, नाहीतर ओव्हनची तारेची जाळीच बाहेर काढून तिच्यावर मोल्ड ठेवायचा, भरायचा आणि जाळीसकट आत सरकवायचा, म्हणजे खालून गरम हवा लागते. जाड सपाट ट्रे ठेवला की आधीच सावकाश तापणाऱ्या मोल्डखाली अजून एक अडथळा. अगदी मऊ मोल्ड असेल तर मात्र जाळीच्या तारांचे वळ तळाला उठतात, तिथे भोकांचा ट्रेच बरा.

ग्रीस करायचं का? पाकीट म्हणतं नको. माझं मत, साध्या आकाराच्या मफिनला खरंच नको, पण नक्षी असेल किंवा बॅटरमध्ये साखर जास्त, तूप-तेल कमी असेल तर ब्रशने अगदी पातळ हात फिरवा. कॅनमधला कुकिंग स्प्रे मात्र वापरू नका. त्यात बऱ्याचदा लेसिथिन (तेल-पाणी एकत्र धरून ठेवणारा पदार्थ) असतं, ते तापून तापून पृष्ठभागावर चिकट थर होऊन बसतं आणि मग न चिकटणारा मोल्ड चिकटायला लागतो.

खण दोन तृतीयांश भरा. तापमान रेसिपीत असेल तेच ठेवा, वेळ मात्र जास्त धरून चाला. छोट्या मफिन्सना फार फरक पडत नाही, मोठ्या केकला ५ ते १० मिनिटं जास्त लागू शकतात. घड्याळावर जाऊ नका, मधोमध लाकडी काडी घालून बघा, कोरडी आली की झालं, आणि काडी तळापर्यंत जोरात खुपसू नका, खाली सिलिकॉन आहे. प्रोब थर्मामीटर असेल तर मधलं तापमान ९५ ते ९८ डिग्री आलं की बहुतेक केक झालेले असतात. कन्व्हेक्शनचा, म्हणजे आतली गरम हवा फिरवणारा फॅन असेल तर लावा, रंगाला मदत होते.

ग्रिल मोड, वरचा रॉड लाल करून भाजणं, गॅसची ज्योत, तवा, यातलं काहीच सिलिकॉनला चालत नाही. ओव्हनचा आकडा २२० दाखवत असला तरी रॉडच्या जवळ त्याहून कितीतरी जास्त असतं, शिवाय घरगुती ओव्हनचा आकडा आणि आतलं खरं तापमान यात १०-२० डिग्रीचा फरक सहज निघतो. म्हणून मोल्डची मर्यादा २३० असेल तर मी २०० च्या आसपासच राहीन. केक-मफिनला तसंही १६० ते १९० पुरतं.

कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह ज्यांच्याकडे आहे त्यांना याचा एक छान उपयोग, मायक्रोवेव्ह मोड असो की कन्व्हेक्शन, धातूची रिंग नसलेला मोल्ड तोच चालतो, धातूच्या टिनचं चालेल का नाही हे दरवेळी आठवत बसायला नको. ओव्हनच नसेल तर वाफेवरही चालतो, प्रेशर कुकरमध्ये सुद्धा तापमान साधारण १२० डिग्रीच असतं, सिलिकॉनला ते काहीच नाही. फक्त कुकरच्या तळाला मोल्ड टेकवू नका, खाली स्टँड ठेवून पाणी घाला.

पांढऱ्या बाजूंचा प्रश्न अगदीच छळत असेल तर ही युक्ती करा. पदार्थ पूर्ण सेट झाला की मोल्डमधून काढा, उघडाच ट्रेवर ठेवा आणि पुन्हा ५ ते ८ मिनिटं ओव्हनमध्ये. बाजूंना रंग येतो. मफिनला, छोट्या ब्रेडला चालते, नाजूक स्पंजला नाही.

पायरी ५ : काढताना

घाई नको. ओव्हनमधून काढल्या काढल्या केक मऊ असतो, मोल्ड पण मऊ, दोन मऊ गोष्टी एकमेकांपासून सोडवायला गेलात की तुकडे. १०-१५ मिनिटं जाळीवर गार होऊ द्या, मग आधी कडा हाताने हळूच बाहेरच्या बाजूला ओढून सोडवा, सगळीकडून सुटलं की मोल्ड उलटा करून तळ दाबा आणि मोजा काढावा तसा मोल्डच सोलून काढा. नक्षीदार असेल तर पूर्ण गार होऊ द्या. मूस वगैरे अगदी कडक गोठलेलंच काढायचं, जरा सुटलं की कडा मोल्डमध्येच राहतात.

सुरी मोल्डच्या आत चालवायची नाही. केक आतच कापून वाढायची सवय असेल तर सिलिकॉन तुमच्यासाठी नाही, एका कापातून पुढे फाटत जातं. आणि मोल्ड हाताला लवकर गार लागतो म्हणून फसू नका, आतला केक, विशेषतः वितळलेली साखर किंवा कॅरमेल, चांगलंच भाजतं.

धुणं, वास आणि तो चिकट थर

खरं सांगायचं तर सिलिकॉनचं सगळ्यात कंटाळवाणं अंग हेच. काढायला सोपं, पण तेलकटपणा सहजासहजी जात नाही, कारण सिलिकॉन स्वतः तेल आणि वास थोडं आत घेतं. धुतल्यावर वाटतं स्वच्छ झालं आणि वाळल्यावर बोट फिरवलं की बुळबुळीत. यावर उपाय, कडक गरम पाण्यात लिक्विड टाकून अर्धा तास भिजवा, मऊ स्पंजने घासा, तारेची घासणी अजिबात नाही. तरी राहिलं तर बेकिंग सोडा आणि पाण्याची पेस्ट लावून ठेवा, नाहीतर दहा मिनिटं पाण्यात उकळा. वास बसला असेल तर पायरी ३ सारखं रिकामं तापवणं सगळ्यात उपयोगी, पण आधी तेल पूर्ण काढा, नाहीतर तेच तेल भाजून पक्कं बसतं.

वासाचं लिक्विड वापरत असाल तर ते बदला किंवा खूप खळखळून धुवा. लिंबाच्या वासाच्या साबणाची चव व्हॅनिला केकला आलेली चालत नाही. डिशवॉशरमध्ये वरच्या रॅकवर चालतं, पण डिशवॉशरच्या पावडरचा वासही धरतं हे लक्षात ठेवा. कांदा-लसणाचे तिखटमिठाचे पदार्थ करायला वेगळा मोल्ड आणि गोडाला वेगळा, हे सुरुवातीपासूनच पाळलेलं बरं.

नक्षीच्या खाचांमध्ये पाणी राहतं, तर धुतल्यावर बंद केलेल्या कोमट ओव्हनमध्ये पाच मिनिटं ठेवलं की वाळतं. आणि हो, सिलिकॉनला धूळ, केस, फडक्याचे धागे लगेच चिकटतात, म्हणून स्वच्छ ठेवलेला मोल्डसुद्धा वापरायच्या आधी एकदा पाण्याखाली धरायचा. ठेवताना घडी घालून वर जड भांडी ठेवू नका, महिनोन् महिने मुडपून राहिला तर तसाच वाकडा होतो.

तब्येतीचं काय?

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, तर जेवढं माहीत आहे ते असं. मोल्डच्या सिलिकॉनचा (silicone) कणा सिलिकॉन (silicon) या मूलद्रव्याच्या आणि ऑक्सिजनच्या अणूंच्या साखळीचा असतो, त्यामुळे तो बहुतेक प्लास्टिकपेक्षा उष्णतेला बराच टिकतो, ओव्हनमध्ये वितळत नाही. पण बनवताना सिलोक्सेन नावाचे छोटे रेणू थोडे आत राहतात आणि ते तापल्यावर अन्नात आणि हवेत येऊ शकतात. तापमान जितकं जास्त आणि पदार्थ जितका तुपकट तितकं जास्त, आणि मोल्ड जसजसा वापरला जातो तसतसं हे कमी होत जातं. युरोपियन केमिकल्स एजन्सीने २०१८ मध्ये डी४, डी५ आणि डी६ या तीन सिलोक्सेन्सना अति चिंतेच्या पदार्थांच्या यादीत घातलं, मुख्य कारण हे की ते निसर्गात लवकर नष्ट होत नाहीत आणि सजीवांच्या शरीरात साठतात.

याचा अर्थ मोल्ड फेकून द्या असा नाही. याचा अर्थ, चांगला मोल्ड घ्या, पहिल्यांदा रिकामा तापवा, मर्यादेच्या बरंच खाली वापरा आणि भरपूर तूप-लोण्याचा पदार्थ जास्त तापमानाला करायचा असेल तर धातू किंवा काच वापरा. इतकं करूनही मन मानत नसेल तर सिलिकॉन फक्त फ्रीजरच्या कामाला ठेवा, तिथे उष्णतेचा प्रश्नच नाही.

मॅटबद्दल थोडंसं

ट्रेवर अंथरायची सिलिकॉन मॅट ही मोल्डपेक्षा वेगळी वस्तू. तिच्या आत काचेच्या धाग्यांची जाळी असते, म्हणून ती ट्रेच्या मापाला कात्रीने कापायची नाही, धागे उघडे पडतात. बटर पेपर दरवेळी फेकावा लागतो, ही वर्षानुवर्षं चालते, तो तिचा मोठा फायदा. मॅटवर कुकी थोडी जास्त पसरते आणि खालून मऊ राहते, कुरकुरीत हवी तर बटर पेपर. मॅकरॉनसाठी (बदामाच्या पिठाची गोल फ्रेंच बिस्किटं) गोल छापलेल्या मॅट येतात, त्या नवीन माणसाला खरंच उपयोगी पडतात, सगळे गोल एका मापाचे येतात.

कधी टाकायचा

चीर पडली, कापलं गेलं, पृष्ठभाग कायमचा चिकट झाला आणि वरचे सगळे उपाय करूनही जात नाही, भुकटीसारखं काही सुटायला लागलं, की त्यात खायचं करणं थांबवा. सिलिकॉन कुजत नाही आणि नेहमीच्या प्लास्टिकच्या रिसायकलिंगमध्ये सहसा घेतही नाहीत, म्हणून लगेच कचऱ्यात टाकण्याआधी साबण किंवा मेणबत्त्या ओतायला, खिळे-बटणं ठेवायला वापरून टाका. फक्त मेण किंवा साबण एकदा घातला की त्या मोल्डवर पक्क्या मार्करने खूण करा, नाहीतर घरातलं कोणीतरी त्यातच जेली लावून ठेवेल.